थंडरबर्डला मागची सीट लावणारा माणूस

परवा डेट्रॉईटच्या वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांच्या ड्रीम क्रूझच्या गर्दीत फोर्डच्या एका पांढऱ्या १९५७ च्या थंडरबर्डशेजारी उभं राहून ट्रॉयला राहणाऱ्या आपल्या एका मराठी मुलाने मला विचारलं, "काका, ही बेसिकली कॉर्वेटची कॉपीच ना? आणि एवढी देखणी टू-सीटर तीन वर्षांत बंद करून तिची चार सीटवाली ढब्बू गाडी करायची अक्कल कुणाची?" पाठीमागे कुणीतरी मस्टँग रेज करत होता, त्यामुळे तिथे मी नुसता हसलो. आता निवांत बसून लिहितो. जरा लांबेल, चहा घेऊन बस.

आधी माझं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. पिंपरीच्या टूलरूममधून सुरुवात, नंतर तीस वर्षं इकडे मिशिगनमध्ये सस्पेन्शनचं काम, आणि शनिवार-रविवार जुन्या फोर्ड. लहान बर्ड म्हणजे ५५ ते ५७ च्या चार आणि स्क्वेअरबर्ड म्हणजे ५८ ते ६० च्या तीन, एवढ्या गाड्या माझ्या हाताखालून पूर्ण खोलून परत जोडून गेल्यात. तर माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकतो, लोक चिडतात पण हरकत नाही: थंडरबर्ड कधीच स्पोर्ट्स कार नव्हती, आणि ज्याने तिला मागची सीट लावली त्याने तिचं वाटोळं केलं नाही, उलट तिचं काम पूर्ण केलं.

कॉपीचं आधी बघू. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात फोर्डच्या स्पर्धक जीएमने, म्हणजे जनरल मोटर्सने, मोटोरामा नावाचं आपल्या गाड्यांचं प्रदर्शन भरवलं आणि तिथे कॉर्वेट दाखवली. लोक वेडे झाले. फोर्डकडे त्या वेळी समोर ठेवायला काही नव्हतं. पण अगदीच झोपले होते असंही नाही. १९५१ ची पॅरिसच्या मोटर शोची गोष्ट इकडे अजून रंगवून सांगतात: फोर्ड डिव्हिजनचा प्रमुख लुईस क्रूसो आणि डिझाईनचा सल्लागार जॉर्ज वॉकर युरोपातल्या छोट्या उघड्या गाड्या बघत फिरत होते, क्रूसो म्हणाला आपल्याकडे असं काही का नाही, वॉकरने ठोकून दिलं की काम चालूच आहे साहेब, आणि मग बाजूला जाऊन डिअरबॉर्नला फोन लावला की बाबांनो आता खरंच चालू करा. प्रत्येक जण ही गोष्ट स्वतःचं तिखटमीठ लावून सांगतो, पण ऑफिसात काम केलेल्या कुणालाही ती पटते, आपणही कितीदा "झालंच आहे सर" म्हणून जागेवर येऊन पहिली फाईल उघडलीय.

प्रत्यक्ष गाडीचा आकार आला फ्रँक हर्शीच्या स्टुडिओतून. हा हर्शी आधी जीएममध्येच होता, १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डवर जे पहिले छोटे पंख आले त्यातही त्याचा हात. बॉडीच्या रेषा बिल बॉयर नावाच्या तरुण डिझायनरने ओढल्या. आणि इंजिनिअर होता विल्यम बर्नेट. त्याचं काम मला फार आवडतं, कारण ते आपल्या गॅरेजवाल्यांसारखं आहे. कागदावर व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ठरला १०२ इंच, म्हणजे बरोबर कॉर्वेटएवढाच, इथे कॉपी म्हणायला माझी ना नाही. पण नवी चासी बनून येईपर्यंत टेस्ट कशावर करणार? तर या गड्याने सरळ एक नेहमीची फोर्ड सेडान घेतली, मधून कापली, मधला तुकडा काढून टाकला आणि पुढचं-मागचं परत वेल्ड करून १०२ इंचात बसवली. ते ध्यान इतकं विचित्र दिसायचं की लोक तिला इटालियन गाडीसारखं "बर्नेटी" म्हणायला लागले. त्या कापलेल्या सेडानवर पुढच्या गाडीचं सस्पेन्शन आणि ब्रेक तपासले गेले.

नावाचाही किस्सा आहे. यादीत काय काय होतं, हेप कॅट, बीव्हर, डेट्रॉयटर, एल टिग्रे, असली एकेक रत्नं. क्रूसोला स्वतःला सॅव्हिल हे नाव आवडत होतं पण बाकी कुणाला नाही, म्हणून त्याने बक्षीस लावलं, चांगलं नाव सुचवणाऱ्याला भारी सूट. आल्डन गिबर्सन नावाचा स्टायलिस्ट, दक्षिण-पश्चिम अमेरिकेत राहून आलेला, त्याने थंडरबर्ड सुचवलं. तिकडच्या मूळनिवासी लोकांच्या कथांमधला हा पक्षी, पंख फडफडवले की गडगडाट होतो आणि पाऊस येतो. गिबर्सनला बक्षीस म्हणून ९५ डॉलरचा सूट आणि वर एक जादा पॅंट मिळाली. इतकी वर्षं टिकलेल्या नावाची किंमत एक सूट आणि पॅंट.

२० फेब्रुवारी १९५४ ला डेट्रॉईटच्या शोमध्ये ती लोकांना दाखवली, पण तेव्हा जी ठेवली होती ती चालणारी गाडी नव्हती, मॉडेल होतं. खरी गाडी ९ सप्टेंबर १९५४ पासून डिअरबॉर्नच्या प्लांटमध्ये बनायला लागली आणि २२ ऑक्टोबरला शोरूममध्ये आली.

आता खरा फरक बघ, आणि तो फरक क्रूझमध्ये लांबून फोटो काढून दिसत नाही, दरवाजा उघडून आत बसावं लागतं. ५३ च्या कॉर्वेटला बाहेरून दरवाजाची मूठच नव्हती. आत हात घालून उघडायचा. काच वरखाली होत नसे कारण काचच नव्हती, पावसात प्लॅस्टिकचे पडदे खोचायचे. बॉडी फायबरग्लासची, इंजिन सहा सिलिंडरचं १५० हॉर्सपॉवरचं आणि गिअरबॉक्स दोन स्पीडचा ऑटोमॅटिक, म्हणजे नावाला स्पोर्ट्स कार आणि खाली घरातल्या आजोबांच्या गाडीचा माल. पहिल्या वर्षी ३०० बनवल्या, ५४ मध्ये ३,६४०, त्यातल्या बऱ्याच उन्हात पडून राहिल्या.

फोर्डने काय केलं? बॉडी पोलादी पत्र्याची. खाली-वर होणाऱ्या खऱ्या काचा, आणि पैसे टाकलेस तर त्याही बटणावर. पॉवर स्टिअरिंग, पॉवर ब्रेक, पॉवर सीट, सगळं ऑप्शनमध्ये. स्टिअरिंग पोटाच्या हिशोबाने पुढे-मागे सरकवता यायचं. कापडी टप हवा तर कापडी, आणि वर फायबरग्लासचा काढता-घालता येणारा कडक टप. हा टप काढायला दोन माणसं लागतात हे मी अनुभवाने सांगतो, एकट्याने प्रयत्न केलास तर डिकीच्या पेंटवर ओरखडा नक्की. पुढचे दिवे, मागचे गोल दिवे त्या वर्षीच्या साध्या मोठ्या फोर्डचेच, म्हणजे बाप आणि पोरगी एका नाकाची. आणि इंजिन पहिल्या दिवसापासून व्ही-८, २९२ क्युबिक इंच, हाताच्या गिअरला १९३ आणि ऑटोमॅटिकला १९८ हॉर्सपॉवर.

आणि सीट? इथे सगळे फसतात. ती "टू-सीटर स्पोर्ट्स कार" म्हणून मिरवते ना, तिला अख्खा बाकडा आहे. सलग एकच सीट. तीन बारीक माणसं मावतात, मी, माझी बायको आणि सासूबाई असे एकदा ॲन आर्बरपर्यंत गेलोय. वळणावर धरून ठेवणारी बकेट सीट नाही, काही नाही. डॅशबोर्डवर डावीकडे टॅकोमीटर आहे खरा, पण उजवीकडे जोडीला तेवढंच घड्याळ आहे, म्हणजे इंजिन किती फिरतंय आणि क्लबात जेवायला उशीर होतोय का, दोन्ही बघा. फोर्डने स्वतः तिला स्पोर्ट्स कार म्हणणं टाळलं, ते "पर्सनल कार" म्हणायचे. पुढे सगळ्या अमेरिकेने "पर्सनल लक्झरी" म्हणून जो प्रकार उचलला त्याचं मूळ हे. कुटुंबाची गाडी वेगळी असेल, ही माझी. बस एवढाच अर्थ. शर्यतीचा त्यात संबंधच नाही.

लोकांना ते बरोबर कळलं. २,९४४ डॉलर किंमत, कॉर्वेटच्या आसपासच. फोर्डचा अंदाज वर्षाला १०,००० गाड्यांचा. खपल्या १६,१५५. त्याच वर्षी कॉर्वेट किती? ७००. सातशे! गंमत म्हणजे जीएममध्ये कॉर्वेट बंद करायच्या गोष्टी चालू होत्या आणि थंडरबर्ड आली म्हणून आता बंद केली तर नाक कापलं जाईल असं म्हणणारे लोक आत उभे राहिले, जीएमचा इंजिनिअर आर्कस-डंटव्हसारखे. म्हणजे आज जो कॉर्वेटवाला क्रूझमध्ये थंडरबर्डकडे बघून नाक मुरडतो, त्याची गाडी थंडरबर्डमुळेच जिवंत राहिली असं म्हणायला पुष्कळ जागा आहे. त्याला हे सांगू नकोस, मी एकदा सांगितलं होतं.

पण ५५ ची गाडी निर्दोष होती असं समजू नकोस. ऑगस्टात तिच्यात अर्धा तास बसलं की कळतं. इंजिन नाकात, गिअरबॉक्सचा बोगदा मांडीला चिकटलेला, कडक टप लावलेला, आणि हवा यायला जागाच नाही, पाय अक्षरशः भाजून निघतात. सहा व्होल्टची बॅटरी, तीही पॉझिटिव्ह अर्थिंगची, गाडी गरम असताना बंद केलीस तर स्टार्टर रडत रडत फिरतो. टप लावला की मागे-बाजूला काही दिसत नाही, लेन बदलताना देवाचं नाव घ्यायचं. डिकीत स्टेपनी ठेवली की बॅगा कुठे ठेवायच्या हा प्रश्न. आणि सायलेन्सरचा धूर मागच्या बंपरच्या खांबांमधून बाहेर काढलेला, दिसायला झकास, पण दोन आठवड्यांत क्रोम काळं.

५६ मध्ये यातलं बरंच दुरुस्त केलं आणि एक नवी चूक केली. पुढच्या मडगार्डवर हवेसाठी छोटी झाकणं आली, बारा व्होल्ट आलं, कडक टपाला बाजूला गोल खिडक्या आल्या, जहाजाला असतात तशा, आणि त्या आज थंडरबर्डची सही झाल्यात. मेरिलिन मन्रोची काळी थंडरबर्ड ५६ चीच. ३१२ क्युबिक इंचाचं मोठं इंजिन मिळायला लागलं. चूक कुठली, तर डिकीत जागा हवी म्हणून स्टेपनी बाहेर काढून मागच्या बंपरवर उभी केली. फोटोत छान दिसते. पण मी आयुष्यभर सस्पेन्शनचं काम केलंय, मला ते बघून त्रास होतो, एवढं वजन मागच्या चाकांच्याही मागे टांगायचं म्हणजे काठीच्या टोकाला बादली बांधण्यासारखं, वळणावर शेपूट आपलं वेगळंच काहीतरी ठरवते. त्या वर्षी १५,६३१ खपल्या, आधीपेक्षा थोड्या कमीच.

५७ ला शहाणपण सुचलं, मागची बॉडी लांब केली, स्टेपनी परत डिकीत गेली, मडगार्डला तिरके पंख आले, पुढची जाळी मोठी झाली, चाकं १४ इंची. तू ज्या गाडीला टेकून उभा होतास ती ही. माझ्या मते लहान बर्डमध्ये सगळ्यात जमलेली. रेडिओसुद्धा असा मिळायचा की इंजिनचा वेग वाढला की आवाज आपोआप वाढायचा, १९५७ मध्ये! आणि शर्यतीची खाज असणाऱ्यांसाठी सुपरचार्जर लावलेली ३०० हॉर्सपॉवरची, तिला एफ-बर्ड म्हणतात, जेमतेम दोनशेच्या आसपास बनल्या. पण जून १९५७ मध्ये अमेरिकेतल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेने ठरवलं की कंपन्यांनी शर्यतींपासून लांब राहायचं, आणि ते प्रकरण तिथेच थंड पडलं. ५७ च्या २१,३८० खपल्या. वर्ष लांबवलं होतं, शेवटची १३ डिसेंबर १९५७ ला निघाली. तिन्ही वर्षं मिळून ५३,१६६.

म्हणजे खप वाढतोय, नाव झालंय, आणि गाडी बंद. इथे येतो तुझा "अक्कल कुणाची" हा प्रश्न.

अक्कल रॉबर्ट मॅकनमाराची. हो, तोच, व्हिएतनामवाला, नंतर केनेडीचा संरक्षणमंत्री आणि मग वर्ल्ड बँकेचा अध्यक्ष. युद्धानंतर एअरफोर्समधून दहा हुशार आकडेवाल्या पोरांची टोळी १९४६ मध्ये फोर्डमध्ये आली होती, त्यातला एक. १९५५ मध्ये क्रूसो कंपनीत वरच्या पदावर गेला आणि फोर्ड डिव्हिजन याच्या हातात आली. या माणसाला गाडी आवडते का नाही हा प्रश्नच लागू नव्हता, त्याला आकडे आवडायचे. त्याने बघितलं की वर्षाला पंधरा-वीस हजार गाड्यांसाठी वेगळी बॉडी, पत्रा दाबायचे वेगळे डाय, वेगळी कटकट, यातून मिळतंय काय? नाव, आणि शोरूममध्ये गर्दी. पैसे नाहीत. मग त्याने बाजारात विचारणा केली आणि उत्तर सरळ आलं: गाडी फार आवडते हो, पण पोरं कुठे बसवू?

आता यावर क्रूझमधले लोक शिव्या देतात. पण तू असं बघ. "माझी स्वतःची गाडी" ही कल्पना टू-सीटरमध्ये फक्त त्यालाच परवडते ज्याच्या दारात आधीच एक मोठी गाडी उभी आहे. ज्याच्याकडे एकच गाडी घ्यायचे पैसे आहेत आणि घरी दोन पोरं आहेत, त्यालाही स्वतःची गाडी हवी असते की! मॅकनमाराने त्याला ती दिली. गंमत म्हणजे त्याला सौंदर्याशी घेणंदेणं नसताना त्याच्या आग्रहातून जी गाडी निघाली तिने पुढची वीस वर्षं अमेरिकन गाड्यांचा आतला चेहरा बदलला.

कसा ते सांगतो, हा भाग मला हाताने माहिती आहे. ५८ च्या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच चासी. लिंकनसोबत एकाच नव्या कारखान्यात ती बनायची, मिशिगनमधल्या विक्समला, आय-९६ हायवेवरून जाताना लागायचा, २००७ ला बंद झाला. व्हीलबेस ११३ इंच केला, पण उंची मात्र साडेबावन्न इंच. म्हणजे मागची सीट तर हवी आणि गाडी बुटकीही हवी. आता सीट खाली नेल्या की मधला प्रोपेलर शाफ्टचा बोगदा आपोआप वर येतो, चार जण चार खड्ड्यांत बसल्यासारखे आणि मधून भिंत. दुसरा कुणी असता तर त्यावर गालिचा टाकून गप्प बसला असता. यांनी काय केलं, ती भिंतच सजवली. पुढून मागेपर्यंत उंच कन्सोल केला, त्यात ॲशट्रे, खिडक्यांची बटणं, स्पीकर सगळं बसवलं, आणि बाकडं काढून पुढे वेगवेगळ्या बकेट सीट दिल्या. म्हणजे गंमत बघ हां, टू-सीटर "स्पोर्टी" गाडीला होता बाकडा, आणि मॅकनमाराच्या फॅमिली गाडीला आल्या बकेट सीट आणि कन्सोल. आज तू जी कुठली गाडी चालवतोस तिच्यात दोन सीटांच्या मध्ये कॉफीचा ग्लास ठेवतोस ना, त्याचे पणजोबा त्या बोगद्यावर बसलेत. पहिल्यांदा स्क्वेअरबर्डचा कन्सोल काढला तेव्हा खाली नुसता ओबडधोबड पत्र्याचा उंचवटा होता, गंजलेला, वर जुनं फेल्ट, आणि एक १९६२ चं नाणं. अडचण अशी झाकली होती की साठ वर्षं कुणाला ती अडचण वाटलीच नाही.

५८ च्या सुरुवातीला हार्डटॉप आली, ३,६३१ डॉलरला, आणि जूनमध्ये कन्व्हर्टिबल. हे साल लक्षात घे. १९५८ म्हणजे मंदीचं साल, अमेरिकेत जवळजवळ सगळ्यांचा खप धाडकन खाली आला, याच फोर्ड कंपनीची एडसेल तेव्हा तोंडावर आपटली, तिचं नाव आजही फजितीसाठी वापरतात. अशा वर्षात ही नवी, महागडी, चार सीटची थंडरबर्ड ३७,८९२ खपली, आणि तेही पूर्ण वर्ष मिळालेलं नसताना. त्या वर्षी खप वाढलेल्या गाड्या शोधायच्या तर एक ही आणि दुसरी रॅम्ब्लर, एक चैनीची आणि एक काटकसरीची, मधले सगळे आडवे. मोटर ट्रेंड मासिकाने तिला कार ऑफ द इयर केलं. ५९ ला ६७,४५६ आणि ६० ला ९२,८४३. ज्या गाडीचं वाटोळं झालं असं म्हणतात तिचा हा हिशोब.

दोष तिच्यातही होते, मी काही तिचा वकील नाही. ५८ च्या मागच्या सस्पेन्शनला कॉईल स्प्रिंग आहेत, आणि ते का, तर पुढे एअर सस्पेन्शन द्यायचा बेत होता. एअर सस्पेन्शनचं काही जमलं नाही, बेत गुंडाळला, पण त्यासाठी केलेली मांडणी तशीच मागे उरली, आणि ५९ ला मुकाट्याने परत पाटे बसवले. ज्याने कधी कंपनीत प्रॉडक्ट डेव्हलपमेंट केलंय त्याला ही गोष्ट वाचून हसू येईल आणि थोडं पोटातही दुखेल. ५८ ची कन्व्हर्टिबल तर वेगळाच तमाशा. अख्खा टप डिकीत जातो, त्यासाठी डिकीचं झाकण उलट्या बाजूने उघडतं, आणि टप आत गेला की डिकीत फार तर छत्री मावते. माझ्या एका मित्राने ते झाकण पहिल्यांदा नेहमीसारखं उचलायला म्हणून जोर लावला होता, पुढचं बोलत नाही.

आणि एक गोष्ट बाकी आहे, छोटी बर्ड परत आणायचा प्रयत्नही झाला होता. ५७ च्या बॉडीचे डाय फोर्डला बॉडी बनवून देणाऱ्या बड कंपनीकडे होते. त्यांनी १९६१ च्या फाल्कनवर, म्हणजे फोर्डच्याच छोट्या स्वस्त गाडीवर, ५७ च्या थंडरबर्डची बॉडी बसवून, पंख कापून, मागे छोटी सीट घालून एक नमुना तयार केला आणि फोर्डपुढे ठेवला. बघा, डाय तयारच आहेत, स्वस्तात पडेल. फोर्डने नको म्हटलं. फाल्कनच्याच मालावर त्यांनी दुसरी गाडी काढली, १९६४ मध्ये, तिचं नाव मस्टँग, आणि तिलाही मागची सीट होती. जीएमला मात्र थंडरबर्डला खऱ्या अर्थाने उत्तर द्यायला १९६३ ची ब्यूक रिव्हिएरा उजाडावी लागली, आणि तीही चार सीटची. कॉर्वेटच्या शेजारी उभी करायला नव्हे, स्क्वेअरबर्डच्या लेकीच्या, म्हणजे तिच्यानंतरच्या थंडरबर्डच्या, शेजारी उभी करायला. यावरून कॉपी कुणी कुणाची केली ते तूच ठरव.

तू जाता जाता म्हणालास की तुझा सासरा ओहायोत एक ५६ ची बघतोय, त्याच्यासाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. या गाडीत जे इंजिन आहे त्याला वाय-ब्लॉक म्हणतात, ब्लॉक खालपर्यंत लांबलेला असल्यामुळे समोरून कापला तर वाय अक्षर दिसतं म्हणून. सॉलिड टॅपेट आहेत, तर बॉनेट उघडल्यावर शिलाई मशीनसारखा टिकटिक आवाज येणारच, विकणाऱ्याने "जरा टॅपेटचा आवाज आहे" म्हणून किंमत कमी केली तर गप्प राहून घे. इंजिन गरम असताना फीलर गेज घालून व्हॉल्व्हची फट १९ थाऊवर, म्हणजे इंचाच्या १९ हजारांशावर, सेट करायची, सोळा व्हॉल्व्ह, एक दुपार जाते, बोटं भाजतात. पण खरा आजार वेगळा आहे. ऑईल मधल्या कॅम बेअरिंगवरून वर रॉकरपर्यंत, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्यांपर्यंत, चढतं, आणि जुन्या ऑईलचा गाळ नेमका त्या वाटेत बसतो, मग वरचे रॉकर कोरडे चालतात. मी माझ्या पहिल्या २९२ ला हे न बघता नुसते पिस्टन रिंग आणि बेअरिंग बदलून चालू केलं होतं, खालून सगळं नवं, ऑईल प्रेशर झकास, आणि तीनशे मैलांत रॉकर शाफ्टला नखं अडकतील असे खड्डे. चूक पूर्ण माझी. तेव्हा सासऱ्याला सांग, इंजिन चालू असताना एका बाजूचं व्हॉल्व्ह कव्हर काढायला लाव आणि रॉकरवर ऑईल झिरपतंय का ते डोळ्यांनी बघ, दुसऱ्या बाजूलाही तेच. कुणी बाहेरून पाईप टाकून रॉकरला ऑईल दिलेलं दिसलं तर समजायचं आधीच्या मालकाला आजार माहिती होता.

स्क्वेअरबर्ड बघायची झाली तर इंजिनकडे नंतर बघा, आधी मागच्या चाकांच्या पुढे खाली हात घाला. तिथे बॉडीचा खालचा बीम आणि मागची पट्टी जोडणारे पेटीसारखे भाग असतात, टॉर्क बॉक्स म्हणतात, मिशिगन-ओहायोचं रस्त्यावरचं मीठ पहिलं तेच खातं, आणि बॉडीच चासी असल्यामुळे तिथे भगदाड असेल तर वरचं चकचकीत पेंटिंग काही उपयोगाचं नाही. स्क्रूड्रायव्हर आत गेला तर गाडी सोडून घरी या.

आणि सासरेबुवा ५६ सोडून ५७ वर घसरले तर नंबर प्लेटीवर नाही, बॉडीच्या सिरियल नंबरवर पहिलं अक्षर वाचा. सी म्हणजे २९२, डी म्हणजे ३१२, ई म्हणजे त्यावर दोन कारबोरेटर, एफ म्हणजे सुपरचार्जर. सुपरचार्जर बॉनेटखाली दिसतोय पण अक्षर डी आहे, तर तो नंतर कुणीतरी लावलाय, चांगला असेलही, पण एफ-बर्डची किंमत मोजायची नाही. नंबरचा फोटो मला पाठव, आणि शनिवारी सकाळी जाणार असलात तर मीही येतो, जॅक माझ्याकडे आहे.